दुजोरा

माझ्या नवऱ्याची ओळख लोक दोन प्रकारे करून देतात, आणि त्यावरून ओळख करून देणाऱ्याचं वय कळतं. म्हातारे सांगतात, "हे श्यामकांत. तेहरानला होते, बगदादला होते, लढाया पाहून आलेत." चाळिशीच्या आतले सांगतात, "काकांना विचार, सोनं आत्ता घ्यायचं की दिवाळीपर्यंत थांबायचं." दिल्लीतल्या मराठी मंडळात हळदीकुंकवाला गेले की हातात वाण पडायच्या आधी मला भाव विचारतात. मी सांगते, बायांनो, मी मंत्रालयात पिकांची आकडेवारी करत होते, मला फार तर तुरीचं विचारा.

श्याम एका वृत्तसंस्थेचा परदेशी वार्ताहर होता. लग्नानंतरची कितीतरी वर्षं तो आमच्या सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये पाहुण्यासारखा यायचा. येताना पिस्ते आणायचा आणि जाताना माझी झोप घेऊन जायचा. शेजारणी म्हणायच्या, "अलकनंदा, तुझी मजा आहे, सासू नाही आणि नवराही नाही." मी हसायचे. दुसरं काय करणार?

त्याच्या धंद्यात एक शब्द होता, दुजोरा. एकानं सांगितलेली गोष्ट बातमी होत नाही. पहिल्याशी काही संबंध नसलेल्या दुसऱ्या कुणी तीच सांगितली, म्हणजे दुजोरा मिळाला, की मग छापायची. माणूस मेल्याची बातमी असली तर श्याम फारच कडक. तो म्हणायचा, "जिवंत माणसाला मेला म्हणून छापलं तर त्याच्या घरी काय होतं ते मी एकदा पाहिलंय, पुन्हा नाही पाहणार." ही सवय घरातही मुरली होती. दूध नासलंय म्हटलं तर स्वतः पातेल्यात नाक घालायचा आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणायचा, "दुजोरा." तेव्हा मला ते गमतीचं वाटायचं.

सत्त्याऐंशी साली आपली शांतिसेना श्रीलंकेत गेली आणि श्यामला तिकडे पाठवलं. जाफन्याजवळच्या एका चौकीवर हा आपल्या फोटोग्राफरशी मराठीत भांडत होता, तेव्हा बंदूक घेऊन उभा असलेला एक नाईक पुढे आला. "सायब, तुमी आपल्याकडचं?" तो संपतराव. खानापूर तालुक्यातला, मराठा पलटणीतला. त्यानं श्यामला डब्यातला चहा दिला आणि एक काम सांगितलं. बायको दिल्लीला कॅन्टोन्मेंटच्या क्वार्टरमध्ये आहे, पोटुशी आहे, दिल्लीला जाल तेव्हा सांगा, मी बरा आहे.

श्याम दिवाळीला आला आणि भाऊबीजेच्या दिवशीच निरोप द्यायला निघाला. मीही गेले. शेवंता नावाची विशीची पोरगी दारात उभी होती, पोट पुढे, पदर खोचलेला. "बरे आहेत, तब्येत चांगली आहे, जेवण मिळतंय," श्यामनं सांगितलं. तिनं दोनदा विचारून घेतलं, मग पाट मांडला. "माजा भाऊ गावाकडं हाय. आज ह्या दाराला तुमी आलात, तर तुमीच माजं भाऊ," म्हणाली आणि ओवाळलं. श्यामला सख्खी बहीण नव्हती. त्याचे डोळे भरून आलेले मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

पुढच्या उन्हाळ्यात श्याम उलटा निरोप घेऊन गेला. मुलगी झालीय, अरुणा नाव ठेवलंय. सोबत फोटो होता. संपतरावांनी तो फोटो सगळ्या चौकीला दाखवला आणि डोक्यावरच्या लोखंडी टोपीत आतल्या बाजूला खोचून ठेवला. परत येऊन श्यामनं हे सांगितलं तेव्हा शेवंता लाजून स्वयंपाकघरात पळाली आणि बराच वेळ बाहेरच आली नाही.

पावसाळ्यानंतर संपतराव बेपत्ता झाले. ताडाच्या बनातून गस्तीची तुकडी चालली होती, श्याम तिच्या मागोमाग होता, आणि अचानक चहूकडून गोळीबार झाला. जवळजवळ सगळे गेले. काहींची ओळख पटली, काहींची पटली नाही. श्यामनं अधिकाऱ्यांना सांगितलं, मी त्याला पडताना पाहिलं, पुढचं मला सांगता येणार नाही. एकाच माणसानं, तेही लांबून, पाहिलेल्या गोष्टीवर कुणाला मेलेला ठरवत नाहीत. कागदावर 'बेपत्ता' लागलं. मला आणि शेवंताला तेव्हा श्यामनं एवढंच सांगितलं की गोंधळात ते दिसेनासे झाले.

त्या वर्षीच्या भाऊबीजेला शेवंता आमच्या क्वार्टरवर आली, कडेवर अरुणा. तिनं ओवाळलं, तबक खाली ठेवलं आणि विचारलं, "भाऊ, काय कळलं का?"

"अजून नाही," श्याम म्हणाला.

मग दरवर्षी हेच. ओवाळणं, तबक खाली ठेवणं, "भाऊ, काय कळलं का?" आणि "अजून नाही." काही वर्षांनी सरकारी रिवाजाप्रमाणे मृत समजत असल्याचा कागद आला, पेन्शन सुरू झाली. शेवंतानं त्यावर अंगठा नव्हे, चांगली सही केली आणि मंगळसूत्र तसंच ठेवलं. "कागूद त्यांच्या नेमानं चालतो," एवढंच म्हणाली. ती गावाला परत गेली नाही. फौजी शाळेत मावशी म्हणून लागली, पालमजवळ खोली घेतली आणि अरुणाला वाढवलं. अरुणा श्यामला मामा म्हणायची आणि हिंदीत भांडायची. तिला मराठीत रागावता येत नव्हतं.

इकडे श्यामची बदली झाली. परदेशातून थेट दिल्लीत, आणि तीही बाजारभावाच्या टेबलावर! हरभरा, गवार, सरकी. ज्या माणसानं राजवाडे पडताना पाहिले तो आता "नरेला मंडीत हरभऱ्यात नरमाई" असं लिहू लागला. मी चिडले. वृत्तसंस्थेनं ह्याला अडगळीत टाकलं असं मी धरून चालले आणि त्याच्या साहेबांचा घरात रोज उद्धार करू लागले. श्याम शांतपणे ऐकायचा. एकदाच म्हणाला, "अलका, भाव चुकला तर उद्याच्या अंकात दुरुस्त करता येतो. किती बरं आहे बघ." मला वाटलं, टोमणा मारतोय.

हरभऱ्यावरून तो सोन्याचांदीवर आला. सकाळी चहा घेता घेता चांदनी चौकातल्या सराफांना फोन. "बाजार कसा?" एकानं सांगितलेला भाव दुसऱ्याच्या तोंडून आल्याशिवाय लिहायचा नाही, तिथेही दुजोरा. मग नोएडाच्या एका दागिन्यांच्या मासिकानं त्याला बोलावून घेतलं. माझी नोकरी संपली, क्वार्टर सुटलं, आम्हीही नोएडाला राहायला गेलो. दागिन्यांची प्रदर्शनं, नव्या घडणी, हॉलमार्क, कोणत्या गावात कोणता कारागीर. माणूस हुशार असला की कुठेही टाका, रुजतो. पण एक गोष्ट मला कळायची नाही. कुठल्याही गावाला गेला की बड्या सराफाची मुलाखत अर्ध्या तासात उरकायचा आणि उरलेला दिवस गलाईवाल्यांच्या दुकानात काढायचा.

गलाईवाले म्हणजे जुनं सोनं गाळून शुद्ध करून देणारे. देशातल्या कुठल्याही शहराच्या सराफ्यात शिरा, भट्टीपुढे बसलेला माणूस सांगली-साताऱ्याकडचा निघतो. खानापूर, विटा, आटपाडी. दुष्काळी भागातली ही माणसं पिढ्यान्पिढ्या देशभर दुसऱ्यांचं सोनं गाळत बसलीत. श्याम त्यांच्यात पाय पसरून बसायचा, भाकरी खायचा, गप्पा मारायचा. मी म्हणायचे, "तुला तेहरानचा कबाब पचला नाही, आता ठेचा पचतोय वाटतं."

कोडं सुटलं ते पानिपतला. चादरी घ्यायच्या म्हणून मी सोबत गेले होते. चादरींचं गाठोडं गाडीत टाकून मी श्यामला शोधत सराफ्याच्या बोळात शिरले, तर हा एका भट्टीजवळ स्टुलावर बसलेला आणि समोर एक पाय ताठ असलेला, पांढऱ्या मिशांचा माणूस. भावाच्या दुकानात नुकताच राहायला आला होता. मारुतराव. संपतरावांच्या त्या दिवशीच्या तुकडीतला जिवंत राहिलेला एकटा.

"संपत त्या दिवशी कुठं होता?" श्याम विचारत होता. त्याचा आवाज मला ओळखू आला नाही.

"माज्या मागं."

"पडल्यावर? तुम्ही पाहिलंत?"

मारुतराव भट्टीकडे बघत राहिले. "म्या मागं वळून बगितलंच न्हाई, सायब. पायात गोळी व्हती, सरपटत निगालो. वळलो असतो तर म्याबी तितंच ऱ्हायलो असतो."

परतताना मुरथळच्या ढाब्यावर श्यामच्या पुढ्यात पराठा निवत पडला होता. तिथे त्यानं सांगितलं. संस्थेनं त्याला अडगळीत टाकलं नव्हतं. बाजाराचं टेबल त्यानंच मागून घेतलं होतं. तुकडीतला एक जण जखमी होऊन वाचल्याचं त्याला कळलं होतं, पण तो फौज सोडून गेला होता. गावाकडे चौकशी केली तर एवढंच कळलं की त्याच्या भावकीची गलाईची दुकानं आहेत, कुठल्या शहरात ते कुणाला धड सांगता येईना, कारण ती दर दोन-चार वर्षांनी गाव बदलतात. म्हणून सोनं. म्हणून इतकी वर्षं गावोगावच्या भट्ट्या. संपतरावांचं काय झालं याला दुजोरा देऊ शकणारा तेवढा एकच माणूस होता, आणि त्यानं मागे वळून पाहिलं नव्हतं.

पानिपतावर बेपत्ता झालेल्या भाऊसाहेबांची वाट पाहत पार्वतीबाईंनी कुंकू पुसलं नाही, हे आम्ही शाळेत शिकलो. वर्गात ते फार थोर वाटलं होतं. शेवंताकडे वीस वर्षं पाहिल्यावर मला त्यात थोर काही दिसत नव्हतं. गाडीत मी चादरींच्या गाठोड्यावर डोकं टेकलं.

त्यानंतर दोन वर्षांनी अरुणाचं लग्न ठरलं. मुलगा पुण्याचा, गुडगावला नोकरीला. एका रविवारी दुपारी शेवंता एकटीच मेट्रोनं आमच्याकडे आली. पाणी प्यायली, इकडचं तिकडचं बोलली आणि मग पदराआडून मंगळसूत्र बाहेर काढून श्यामपुढे धरलं. काळे मणी आणि दोन वाट्या, झिजून कागदासारख्या झालेल्या.

"भाऊ, तुमी सोन्यातलं जानता. ही माज्या म्हायेरची वाटी, ही सासरची. सासरची ह्यांनी फौजेतल्या पैल्या पगारातनं केल्याली. अरुणाच्या मंगळसूत्रात म्हायेरची वाटी ह्या सोन्याची घालायची हाय मला. बापाचं दुसरं काय हाय तिच्याकडं? फोटू सोडला तर त्यांनी तिला बगितलंबी न्हाई."

"घालू की," श्याम म्हणाला. "करोलबागेत गुणवंत आहे, आपल्यातलाच. गाळून देईल, नवी वाटी घडवून घेऊ."

"त्येच इचारायला आले." शेवंतानं वाटी मुठीत धरली. "जित्या मानसाच्या नावाची वाटी गाळत न्हाईत. दर साली इचारते तसं न्हाई इचारत, भाऊ. आज नीट सांगा. गाळू का नको?"

श्यामनं माझ्याकडे पाहिलं. मी नजर हलवली नाही. पानिपतपासून मला वाटत होतं की हा अजून काहीतरी पोटात ठेवून आहे.

"मला दुजोरा मिळाला नाही, शेवंता," तो म्हणाला.

"म्हंजी?"

"म्हणजे मी एकट्यानं पाहिलं." आणि मग तो बोलला. खड्ड्यात पडून राहिला होता. डोकं वर काढता येत नव्हतं, पण ताडांच्या मधून संपतराव दिसत होते. पालथे. टोपी बाजूला पडलेली. दुपार होती. श्याम त्यांच्या पाठीकडे बघत राहिला, श्वास चालू असला तर पाठ हलेल म्हणून. ऊन उतरलं, सावल्या लांबल्या, दिवस मावळला. पाठ हलली नाही. अंधारात मदतीला आलेल्या दुसऱ्या तुकडीतल्या कुणीतरी याला ओढून मागे नेलं, आणि दुसऱ्या दिवशी ती जागाच कुणाला सापडली नाही. "पण मी लांब होतो. हात लावून पाहिला नव्हता. एकट्याच्या शब्दावर मी तुला कसं सांगणार होतो? मी दुसरा शोधत राहिलो. सापडला, तर त्यानं पाहिलेलंच नव्हतं."

शेवंता रडली नाही. मला वाटलं होतं ती किंचाळेल. तिनं मूठ उघडून वाटीकडे पाहिलं.

"आमच्या बानं येकट्यानं सांगितलं, पोरगा चांगला हाय," ती म्हणाली. "तेवढ्यावर म्या लगीन केलं, भाऊ. दुसऱ्या कुनाला इचारलं न्हाई."

श्यामनं तोंड दोन्ही हातांनी झाकलं.

"तुमी 'अजून न्हाई' म्हनायचा. मला वाटायचं, पेपरातला मानूस हाय, मेलं असतं तर ह्याला कळलंच असतं. न्हाई कळलं म्हंजी कुटंतरी हायती. पालमच्या खोलीला म्या रातच्याला कडी लावली न्हाई कदी. लोक म्हनायचे, दिल्ली हाय बाई, कडी लाव. पन आले तर भाईर उबं ऱ्हायला नको." मग तिनं अगदी हळू विचारलं, "दिवस मावळंस्तवर तुमी तितंच व्हता?"

"हो."

"मग येकटं न्हवते ते," ती म्हणाली, आणि तेव्हा कुठे तिला रडू फुटलं. मी तिला जवळ घेतलं. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला माझ्या नवऱ्याचा इतका राग आला होता की त्याच्याकडे बघवत नव्हतं, आणि त्याची इतकी दयाही आली होती की राग काढायलाही सुचत नव्हतं. चहा करते म्हणून मी आत गेले आणि ओट्याशी उभी राहून भरपूर रडून घेतलं. चहा कुणी केलाच नाही.

आठवड्यानं आम्ही तिघं गुणवंतच्या दुकानात गेलो. मणी शेवंतानं घरीच पोत सोडून डबीत ठेवले होते, माहेरची वाटीही त्यातच. सासरची तेवढी रुमालात आणली होती. तिचा गळा मोकळा होता आणि ती सारखा पदर वर ओढत होती. गुणवंतची एक पद्धत आहे. वस्तू भट्टीत घालण्याआधी तो दोनदा विचारतो, कारण एकदा गाळलेलं परत मिळत नाही, आणि घरातल्या बायकांची मनं ऐन वेळी फिरतात हे त्याला ठाऊक आहे.

"ताई, गाळू?"

"गाळ," शेवंता म्हणाली.

गुणवंतनं वाटी चिमट्यात धरली. "नक्की ना? गाळू?"

शेवंतानं मान वळवून श्यामकडे पाहिलं. गुणवंत चिमटा धरून थांबला. रस्त्यावर कुणीतरी गाडीचा हॉर्न दाबून धरला होता.

"गाळ," श्याम म्हणाला.

लग्न चांगलं झालं. अंतरपाटामागे अरुणाच्या पाठीशी मामा म्हणून श्याम उभा होता. अक्षता टाकताना त्याची नजर अरुणावरून हलत नव्हती, अर्धे तांदूळ माझ्या अंगावर पडले. अरुणाच्या गळ्यात नवी वाटी होती, हळदीकुंकवानं भरलेली. कोपऱ्यातल्या दोन बायका शेवंताच्या मोकळ्या गळ्याकडे बघून काहीतरी कुजबुजल्या. मी त्यांच्या मधे जाऊन बसले आणि जेवण होईपर्यंत उठले नाही.

मग दिवाळी आली. श्याम अजून मासिकासाठी लिहितो, धनत्रयोदशीच्या आठवड्यात तर त्याला जेवायला फुरसत नसते. भाऊबीजेच्या सकाळी मात्र त्यानं एकही फोन घेतला नाही. आंघोळ करून, नवा सदरा घालून तो पाटावर येऊन बसला तेव्हा शेवंता अजून मेट्रोतच होती.

ती आली. कपाळावर लहानशी काळी टिकली. तिनं कुंकवाचं बोट लावलं, अक्षता लावल्या, सुपारीनं आणि अंगठीनं ओवाळलं, निरांजन फिरवलं. श्यामनं तबकात साडी ठेवली. शेवंतानं तबक खाली ठेवलं.

श्याम वर तिच्या तोंडाकडे बघत होता. इतक्या वर्षांची सवय, ओठ अर्धे उघडलेले.

शेवंतानं काही विचारलं नाही. "वैनी, करंज्या कुटं ठिवल्यात?" म्हणत ती आत माझ्या मागे आली. बशी भरून मी बाहेर गेले तेव्हा निरांजन विझलं होतं आणि श्याम अजून पाटावरच बसलेला होता.

"ऊठ की," मी म्हटलं. "झालं ओवाळून."

"हो," तो म्हणाला, आणि बसूनच राहिला.